कऱ्हा-नीराकाठच्या कागदांची संगणकीय यादी : तिच्यांतील दोष व त्यांचें शोधन

सुपें व इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरींतील परगणे. आजच्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील जुन्या वतनदार घराण्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल अजूनहि सांपडतात, पण ते आणखी किती दिवस सांपडतील याचा भरंवसा नाहीं. वाडा पडतो, भाऊ विभक्त होतात, कागद वांटले जातात, उरलेल्यांस वाळवी लागते. अशा स्थितींत मूळ कागदापेक्षां त्याची यादीच दीर्घायुषी ठरण्याचा संभव असतो. आणि ही यादी आतां वहींत नसून संगणकावरील डेटाबेसांत असते. प्रस्तुत लेख अशाच एका यादीच्या निमित्तानें लिहिला आहे. मी संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तथापि पोथीच्या पाठशुद्धीस जी दृष्टि लागते तीच या यंत्रासहि लागते, असा अनुभव आल्यावरून तो संग्राहक मित्रांपुढें ठेवितों.

नीराकाठच्या एका घराण्याचे रुमाल १९९८ सालीं एका हौशी गृहस्थांनीं उलगडून पाहिले व मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ९७ या डेटाबेसांत त्यांची यादी केली. पुढें त्या घराच्या वांटण्या झाल्या. त्यांतील थोडेच रुमाल आज पाहावयास मिळतात. बाकीच्यांचा पत्ता नाहीं. राहिली ती यादी, तीहि एका तबकडीवर, आणि तिच्यांतील एक छापील पान घरांतील जुन्या पंचांगांत घडी करून ठेविलेलें. तबकडी माझ्या हातीं आली तेव्हां फाईल उघडेना.

येथें पहिली सूचना. फाईल उघडत नाहीं म्हणून ती बिघडलीच असें समजूं नये, व लगेच 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' हें बटण दाबूं नये. प्रथम फाईलीची नक्कल करावी आणि सर्व प्रयोग नकलेवर करावे. ॲक्सेस २०१३ व त्यापुढील आवृत्त्या ९७ ची फाईल मुळींच उघडीत नाहींत. २००७ किंवा २०१० ची आवृत्ति ती उघडून नव्या रूपांत आणूं शकते. तशी आवृत्ति एका मित्राच्या जुन्या यंत्रावर मिळाली. तरीहि फाईल उघडली ती नुसती वाचण्यापुरती. एक अक्षर बदलूं देईना. कारण अगदीं साधें निघालें. तबकडीवरून उतरवून घेतलेल्या फाईलीस 'रीड-ओन्ली' ही खूण चिकटून येते. फाईलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्यें जाऊन ती काढावी लागते. असाच घोटाळा कुलुपाच्या फाईलीनेंहि होतो. डेटाबेस उघडा असतां त्याच्याशेजारीं त्याच नांवाची एक लहानशी फाईल यंत्र स्वतः निर्माण करितें. मध्येंच वीज गेली तर ती मागें राहते, आणि मग डेटाबेस दुसऱ्या कोणीं उघडला आहे असें यंत्र सांगत बसतें. खरोखर कोणीं उघडलेला नाहीं याची खात्री करून ती लहान फाईल काढून टाकावी. आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यानें हा प्रसंग वारंवार येतो.

फाईल उघडली, पण वाचतां येईना. रकान्यांत मराठीऐवजीं टिंबें व मात्रा दिलेल्या फिरंगी अक्षरांच्या रांगा दिसत होत्या. ॲक्सेस ९७ ला देवनागरी ठाऊकच नव्हती. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा अडवून बसत. यंत्राच्या लेखीं तेथें इंग्रजी अक्षरेंच असत, केवळ दाखवितांना तीं मराठी वळणाचीं दिसत. फॉन्ट गेला कीं सोंग उतरतें. प्रत्येक मराठी वर्णास स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड पद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. विंडोज २००० व ॲक्सेस २००० यांपासून ती देवनागरीपुरती घरगुती यंत्रांत उपयोगीं पडूं लागली. यादी त्यापूर्वींची. फॉन्टाचें नांव कळलें तर त्याचे तयार परिवर्तक मिळूं शकतात. आमच्या यादीस लागू पडेल असा एकहि मिळाला नाहीं.

मग पंचांगांतील तें छापील पान कामीं आलें. त्यावरील मराठी ओळी एका बाजूस व यंत्रांतील त्याच नोंदी दुसऱ्या बाजूस मांडून कोणतें चिन्ह कोणत्या वर्णाचें, याचा तक्ता मीं केला. अज्ञात लिपीचा उलगडा द्विभाषिक लेखावरून करितात, तीच ही रीत. तीन नियम पाळावे लागले. ज्या जोडाक्षरांस दोन-तीन चिन्हें लागतात त्यांचें रूपांतर आधीं, सुट्या वर्णांचें मागाहून. दुसरें, जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं लिहिली जाई, कारण डोळ्यांस ती आधीं दिसते. युनिकोडांत ती व्यंजनाच्या नंतर येते. तिला नुसती एका वर्णापलीकडे ढकलून चालत नाहीं, सबंध जोडाक्षर ओलांडावें लागतें. नाहींतर 'स्थिति' या शब्दांतील वेलांटी अर्ध्या सकारावर अडकून पडते. रफाराचें याच्या उलट. तो मागें दिसतो, पण पुढें न्यावा लागतो. रूपांतर केलेला मजकूर डेटाबेसांत पुन्हां घेतांना आयातीच्या खिडकींत 'ॲडव्हान्स्ड' दाबून 'कोड पेज' या ठिकाणीं युनिकोड यूटीएफ-८, म्हणजे क्रमांक ६५००१, निवडावा. तें विसरल्यास सर्व श्रम होऊन पुन्हां फिरंगी अक्षरेंच पदरीं पडतात.

अक्षरें मराठी झालीं, आतां शोध घ्यावा म्हणून 'कऱ्हा' हा शब्द घातला. कऱ्हेचें पात्र बारामतींतून जातें. यादींत तिचा उल्लेख पदोपदीं असावयाचा. यंत्रानें मोजक्याच नोंदी दाखविल्या. ज्या दाखविल्या नाहींत त्यांतहि 'कऱ्हा' डोळ्यांस स्वच्छ दिसत होती. या गोष्टीनें मला दोन दिवस छळलें. अखेर कारण कळलें तें असें. आपण ज्यास अर्धचंद्राकृति र म्हणतों तो युनिकोडांत तीन रीतींनीं लिहितां येतो : ऱ या स्वतंत्र वर्णास हलन्त लावून, र खालीं नुक्ता देऊन त्यास हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त लावून त्यापुढें एक अदृश्य सांधा ठेवून. त्या सांध्याचा क्रमांक ८२०५. डोळ्यांस तिन्ही एक, यंत्रास तिन्ही भिन्न. जुन्या नोंदी माझ्या रूपांतरानें एका रीतीच्या झाल्या होत्या, आणि मागाहून हातानें घातलेल्या नोंदी कळफलकाप्रमाणें दुसऱ्या रीतीच्या.

उपाय सोपा आहे, पण त्यांतील क्रम चुकतां कामा नये. 'अपडेट क्वेरी' करून 'रिप्लेस' या क्रियेनें प्रथम र, हलन्त व सांधा या त्रयीच्या जागीं ऱ व हलन्त घालावें. नुक्त्याच्या रूपाचेंहि तसेंच करावें. त्यानंतरच उरलेसुरले अदृश्य सांधे काढून टाकावे. उलट क्रमानें केल्यास सांधा जाऊन साध्या र चा रफार होतो, कऱ्हेची 'कर्हा' होते, व पूर्वीं येथें काय होतें याची खूणहि राहत नाहीं. विसर्गाऐवजीं इंग्रजी अपूर्णविरामाचीं दोन टिंबें घालणें, मोडींतील संक्षेपांपुढील दुहेरी दंडाऐवजीं दोन एकेरी दंड किंवा इंग्रजी उभ्या रेघा घालणें, हेहि असेच छुपे पाठभेद होत.

शोधासंबंधीं आणखी एक गोष्ट आपल्या वर्गास विशेष नडणारी आहे. संशयित पाठापुढें प्रश्नचिन्ह घालणें व गेलेलीं अक्षरें चौकटी कंसांत भरून देणें ही संशोधकांची जुनी संवय. ॲक्सेसच्या शोधांत मात्र प्रश्नचिन्हाचा अर्थ 'कोणतेंहि एक अक्षर', तारकेचा 'कितीहि अक्षरें' व चौकटी कंसाचा 'यांपैकीं एक' असा आहे. संशयित पाठ शोधावे म्हणून प्रश्नचिन्ह घातलें, तर सर्वच पाठ संशयित ठरतात. तें चिन्ह चौकटी कंसांत घालून शोधिलें म्हणजे यंत्र त्यास चिन्ह म्हणून ओळखतें. शिवाय शोधाच्या खिडकींत 'मॅच' पुढें बहुधा 'होल फील्ड' असें असतें, म्हणजे सबंध रकाना जुळला तरच नोंद मिळते. तेथें 'एनी पार्ट ऑफ फील्ड' करावें.

आतां मितीचा विषय. यादींतील सर्वांत मोठी हानि येथें झाली होती, व ती इतकी मुकाट्यानें झाली होती कीं यादी करणाऱ्यास अखेरपर्यंत कळलें नसावें.

तारखेसाठीं ॲक्सेसमध्यें एक खास प्रकारचा रकाना असतो. त्यांत इ. स. १०० पासून ९९९९ पर्यंतच्या तारखा बसतात, म्हणून आपलें काम त्यांत भागेल असें वाटतें. पण त्या रकान्यास शक, सुहूर, फसली यांतील कांहींच ठाऊक नाहीं. शक १६८३ मधील मिती घातली तर ती इ. स. १६८३ ची समजून तो आनंदानें घेतो. सन दोन अंकीं लिहिल्यास ०० ते २९ हे एकविसाव्या शतकांत व ३० ते ९९ हे विसाव्या शतकांत टाकतो. यादींत एक कौलनामा मला २०२५ सालचा आढळला. तो मुळीं १७२५ चा.

याहून वाईट म्हणजे दिवस व महिना यांची अदलाबदल. यादी करणाऱ्यांच्या यंत्रावर विंडोजची 'रीजन' ही सेटिंग अमेरिकेची राहिली होती. त्या देशांत महिना आधीं लिहितात. ५/७/१७६१ असें घातलें कीं यंत्रानें ७ मे धरावी; पण १५/७/१७६१ घातलें कीं पंधरावा महिना नसल्यानें त्यानेंच समजूत करून घेऊन १५ जुलै धरावी. सर्वच तारखा उलट झाल्या असत्या तर एका फटक्यांत सुलट करितां आल्या असत्या. येथें कांहीं उलट, कांहीं सुलट, आणि कोणती कोणती हें सांगणारी खूण तारखेच्या रकान्यांत नाहीं. सेटिंग आज भारताची केली तरी तिचा परिणाम पुढील नोंदींवर होतो. जें आधींच चुकीचें सांठविलें तें तसेंच राहतें. आणि शोधाच्या आज्ञेंत दोन चौफुल्यांच्या चिन्हांमध्यें तारीख लिहावयाची असते तेथें, सेटिंग कोणतीहि असो, महिना आधीं असाच अर्थ धरला जातो. सबब तेथें सन-महिना-दिवस या क्रमानें लिहिणें निर्धोक.

सुदैवानें त्या गृहस्थांनीं एका वेगळ्या रकान्यांत मूळ कागदावरील मिती जशीच्या तशी उतरून ठेविली होती. तिनेंच सर्व वांचविलें. अदलाबदल झाली असण्याचा संभव फक्त जेथें दिवसाचा अंक बारा किंवा त्याहून लहान आहे तेथेंच. तेवढ्या नोंदी निवडून मितीचा महिना व तारखेचा महिना ताडून पाहिले. तारीख ७ मे १७६१ आणि मिती मात्र आषाढांतील, तर ती ५ जुलै असली पाहिजे. कारण त्या वर्षीं ७ मे वैशाखांत येते व ५ जुलै आषाढांत. ज्या नोंदींत मितीच नव्हती त्या मीं तशाच ठेवून पुढें संशयाची खूण केली आहे.

वाराच्या साहाय्यानेंहि एक परीक्षा होते, पण तिच्यांत एक खोड आहे. यंत्र मागील सर्व काळास आजचीच ग्रेगोरियन गणना लावितें. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्यास दिली तर तो बुधवार सांगतो. ही तारीख जुन्या, ज्युलियन गणनेची आहे आणि त्या दिवशीं शनिवार होता. नव्या गणनेनें ती १६ जून होते. इंग्रजांनीं नवी गणना सप्टेंबर १७५२ मध्यें घेतली, पोर्तुगीजांनीं १५८२ मध्येंच. अर्थात् सतराव्या शतकांत एकाच दिवशीं सुरतेच्या इंग्रजी वखारींत व गोव्यास लिहिलेल्या पत्रांच्या तारखांत दहा दिवसांचें अंतर पडतें. कोणती तारीख कोणत्या गणनेची हें लिहिण्यास वेगळा रकाना नसेल, तर वार जुळत नाहीं म्हणून अस्सल कागदास बनावट ठरविण्याची पाळी येईल.

शकांत ७८ मिळवून इसवी सन काढण्याचें सूत्रहि पुष्कळजण डेटाबेसांत बसवितात. तें चैत्रापासून मार्गशीर्षाच्या सुमारापर्यंत चालतें. पुढें इंग्रजी सन पालटला कीं ७९ मिळवावे लागतात. पानिपतचा दिवस पौष शुद्ध ८, शक १६८२. सूत्रानें १७६० येतात. दिवस आहे १४ जानेवारी १७६१, बुधवार. सुहूर सनाचें आणखी निराळें. तो मृगास पालटतो. त्याच दिवसाचा सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. त्यांत ५९९ मिळविल्यास १७६० चा मृग येतो, व तेथून १७६१ च्या मृगापर्यंत तें वर्ष. ज्या कागदावर केवळ सुहूर सनच आहे, त्याची एक तारीख सांगणें हेंच असत्य होय.

या सर्वांवर मीं केलेली योजना अशी. मूळ मिती कागदावर आहे तशी, शुद्धाशुद्ध न पाहतां, अक्षरांच्या रकान्यांत. तिच्यावरून काढलेली इसवी तारीख तारखेच्या रकान्यांत न घालतां अंकांच्या दोन रकान्यांत, 'लवकरांत लवकर' व 'उशिरांत उशिरा'. पानिपतच्या दिवसाचा अंक १७६१०११४ असा; क्रम आपोआप लागतो. अंकाचा प्रकार मात्र 'लाँग इंटिजर' हवा. साधा 'इंटिजर' ३२,७६७ च्या पुढें जात नाहीं. तारीख कोणीं व कशावरून काढली हें तिसऱ्या रकान्यांत. आपला तर्क व कागदाचें म्हणणें हीं एकाच रकान्यांत कोंबलीं कीं पुढील माणसास तीं सोडवितां येत नाहींत. मालोजीराजे इंदापुरास लढाईंत पडले; त्याचें साल कोणी १६०६ धरितात, कोणी १६२०. अशा ठिकाणीं दोन्ही मतें वेगळ्या तक्त्यांत आपापल्या आधारासह राहिलीं पाहिजेत. एकाच रकान्याचा तक्ता मागाहून नोंद करणाऱ्याच्या मतास सत्य बनवितो.

वर्णानुक्रमाविषयीं थोडक्यांत. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल व व यांमध्यें बसविला आहे. आपल्या वर्णमालेंत तो ह नंतर येतो. त्यामुळें नुसत्या क्रमांकांनीं लाविलेल्या यादींत इंदापूर तालुक्यांतील कळस, कळंब, कळाशी हीं गांवें 'कव'च्या आधीं येऊन पडतात, आणि क्ष व ज्ञ हे क व ज यांच्या पोटांत शिरतात. ॲक्सेसच्या 'ऑप्शन्स'मध्यें 'न्यू डेटाबेस सॉर्ट ऑर्डर' ही सेटिंग आहे. ती बदलून पुढें 'कॉम्पॅक्ट' केल्याविना जुन्या फाईलीस लागू होत नाहीं. मीं तिच्यावर न विसंबतां एक 'क्रमखूण' नांवाचा रकाना केला व त्यांत प्रत्येक वर्णास वर्णमालेंतील त्याच्या स्थानाचा दोन अंकी आंकडा, इंग्रजी अंकांत, घातला. हा क्रम कोणत्याहि यंत्रावर बिघडत नाहीं.

गांवांचीं नांवें प्रत्येक नोंदींत पुन्हां पुन्हां न लिहितां त्यांचा स्वतंत्र तक्ता करून क्रमांकानें जोडावीं. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसल्यानें एकाच गांवाचीं चार रूपें सहज होतात. उजनी धरणाच्या पाण्यानें आणखी एक अडचण केली आहे. पळसदेवासारख्या गांवांचें जुनें ठिकाण भीमेच्या फुगवट्याखालीं गेलें, पाणी ओसरलें म्हणजे जुनें देऊळ वर दिसतें, आणि गांव त्याच नांवानें दुसरीकडे वसलें आहे. कागदांतील पळसदेव तें पहिलें. म्हणून नांव एक असलें तरी क्रमांक दोन. ग्रंथकारांचेंहि तसेंच : बारामतीकर मोरोपंत (१७२९–१७९४) पोथ्यांच्या यादींत कोठें मोरोपंत, कोठें पराडकर, कोठें मयूरकवि असतात, त्यांस क्रमांक एकच हवा.

या जोडणींत माझ्या हातून एक अपराध घडला तो सांगितला पाहिजे. तक्त्यांची सांगड घालतांना 'कॅस्केड डिलीट रिलेटेड रेकॉर्ड्स' या चौकटींत मीं अर्थ न कळतां खूण केली. पुढें गांवांच्या तक्त्यांत 'सुपे' व 'सुपें' अशीं दोन नांवें दिसल्यावरून एक काढून टाकिलें. यंत्रानें विचारलें, मीं होय म्हटलें. त्या गांवाशीं जोडलेलीं एकतीस पत्रें नोंदींतून त्याच क्षणीं गेलीं, आणि तीं परत आणण्यास यंत्रांत उपाय नव्हता. आदल्या रात्रीची नक्कल होती म्हणून निभावलें. 'एन्फोर्स रेफरेन्शियल इंटेग्रिटी' ही खूण अवश्य असावी. तिच्यामुळें जोडलेल्या नोंदी असलेलें गांव काढूंच देत नाहीं. तिच्याखालची 'डिलीट'ची चौकट मात्र रिकामी ठेवावी.

रकाने किती असावे? प्रथम मीं तीसच्यावर केले होते. ते भरतांना माणूस कंटाळतो, व कंटाळला कीं अंदाजानें भरतो. इंदापूरकरांस याचा जुना दाखला ठाऊक असेल. प्रिंगलसाहेबांनीं जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा फार बारीक हिशोब धरून आकारणी केली, ती कोलमडली. मग १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासूनच नवी पाहणी सुरू केली. मातीच्या नऊ प्रती, ओळखण्याच्या खुणा उघड, आणि तीस वर्षांची हमी. तीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. मीं रकाने अकरांवर आणिले. सारांशाचा रकाना मात्र 'लाँग टेक्स्ट' या प्रकारचा करावा. 'शॉर्ट टेक्स्ट'मध्यें २५५ वर्ण मावतात, आणि यंत्र काना-मात्रा-वेलांटीहि वेगळी मोजतें. 'श्री' या एका अक्षराचे चार वर्ण होतात. मोडी लिपीस २०१४ सालीं युनिकोडांत जागा मिळाली, पण तिचा प्रत्येक वर्ण येथें दोन जागा खातो. म्हणून बालबोध पाठ मुख्य ठेवून मोडी पाठ वेगळ्या रकान्यांत ठेवावा.

ज्यांस पैसे न खर्चितां काम करावयाचें आहे त्यांस लिबरऑफिस बेस आहे. तें चालू होतांना जावा सांपडत नाहीं अशी तक्रार करितें; 'ऑप्शन्स'मधील 'ॲडव्हान्स्ड' येथें जावा निवडावें, व ३२ आणि ६४ बिटांची जोडी जुळत आहे हें पाहावें. ॲक्सेस प्रत्येक नोंद सोडतांच सांठवितें. बेसच्या नेहमींच्या मांडणींत सर्व मजकूर फाईल जतन केल्यावरच पक्का होतो. वीज जाणाऱ्या गांवीं हा भेद लक्षांत असावा. दोन्हींची चालू फाईल ड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या ठिकाणीं उघडी ठेवूं नये. नक्कल तेथें ठेवावी.

सदर यादींतील तारखा, अक्षरें व गांवें यांचें शोधन येथवर झालें आहे. सारांशांचें मात्र पुरें झालेलें नाहीं व होणारहि नाहीं. जुन्या रकान्याच्या मर्यादेमुळें लांब सारांश मध्येंच, कांहीं ठिकाणीं शब्दाच्या मध्यावर, तुटले आहेत. पुढचा मजकूर यंत्रानें कधीं घेतलाच नव्हता. ज्या रुमालांचे कागद हातीं आहेत त्यांचे सारांश मुळावरून पुन्हां लिहीत आहें. बाकीच्यांत नीरेच्या पाटाच्या भांडणाचा एक महजर आहे. त्याची नोंद 'पंचांनीं निवाडा केला ऐसा जे' येथें थांबते. त्याचा रुमाल कोणाच्या संग्रहीं आला असल्यास कळवावें.